मैनाचा परतलेला ताप

चि. प्रीतम,

तुझ्या मैनाचा मलेरिया परत आला, म्हणून लिहिते. दोन औषधांच्या एकत्र गोळ्या तिने पुऱ्या घेतल्या होत्या. तरी मी रागिणीला विचारलं, "एखादी चुकवलीस का?"

तुझी बायको म्हणाली, "आई, गिळली का म्हून तुमीच तर पोरीच्या तोंडात बोट घालून पाहत होत्या. मंग मले काहून विचारता?"

खरं आहे. डॉक्टर म्हणतात, जंतूच्या जनुकांतच बदल झाला असेल, तर हे औषध त्याला मारत नाही. दुसरं सुरू केलंय. चुकलेल्या माणसाला मी रागावू शकते. इथे कुणीच चुकलं नाही, त्याचीच भीती वाटते.

जंतूच्या जनुकांच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत हे पत्र टाकणार नाही.

तुझी आई

आज अकोल्याला डॉक्टरांकडे दिलं: मैनाच्या रक्ताचे ठिपके घेतलेला कागद.
रागिणीकडे दिलं: माझं थर्मामीटर.