भागाबाईच्या घरातली फळी

१२ जाने. ७२, धुळे
रविवारच्या भाषणाची सुरुवात तयार: 'शेवटच्या गल्लीतल्या मित्रांनो, गावात येणारी प्रत्येक चांगली गोष्ट चावडीशी थांबते. पुस्तकंही तिथंच थांबली.' पुढचं जमेना. दुपारी गॅरेजवर. जुन्या ट्रकची घरगाडी होते आहे. आत मी, सुमन आणि आमचा संसार. बाहेरच्या अंगाला पुस्तकांचे कप्पे. करीमभाई मिस्त्रींनी पहिल्या कप्प्याचं दार बसवलं. बिजागऱ्या खाली, दोन बाजूंना साखळ्या. उघडलं की आडवी फळी, तिच्यावर पुस्तकं मांडायची. कल्पना माझी. दार जागा फार खाईल म्हणाले. ज्ञान लोकांपुढे उघडं मांडण्यावर मी बराच वेळ बोललो. त्यांनी पान लावलं.

१६ जाने.
पांझरेकाठच्या गावी चाचणी. शेवटच्या गल्लीत गाडी कशीबशी शिरली. दार अर्ध्यावर समोरच्या भिंतीला टेकलं. करीमभाई: "नाना, तुमचं तोंड जेवढं उघडतं तेवढी गल्ली रुंद नाही." सगळे हसले. सुमन जरा जास्तच. गाडी चावडीकडे न्यायला निघालो, तोच शेजारच्या घरातून भागाबाई, "भाऊ, मनं दार उघडंच शे. फळी घरमा येऊ द्या."
गाडी हातभर पुढे घेतली. फळी तिच्या दारातून थेट घरात. पुढचं दार त्यामुळे अडलं, म्हणून पुस्तक हवं त्यानं मागच्या दारानं, तिच्या चुलीजवळून यायचं. गल्ली लोटली. भाषण राहून गेलं.

१७ जाने.
पाटील आबांचा निरोप. गाडी चावडीवर लावा, आम्हालाही वाचायचंय. त्या घरात आमची माणसं कशी जाणार? वाचायचंय हे खरं. माझ्याकडून नेलेली पुस्तकं त्यांनी वाचूनच परत केली आहेत.
करीमभाई सरकती दारं करून देतो म्हणाले. मग गाडी कुठेही लावा, कुणाच्या घरात शिरायला नको. मी साफ नाही म्हटलं. आवाज चढला असावा. सुमन म्हणाली, "घर भागाबाईचं. तिला विचारलंत?"
नव्हतं विचारलं.

२३ जाने.
विचारलं. भागाबाई ज्वारी निवडत होती. मान वर केली नाही.
"कोनी बी येवो. पन जोडा बाहेर."
उरलेली दारंही खालीच उघडणारी करायला सांगितली. करीमभाई: "गल्ली तर रुंद होणार नाही नाना." नाही होणार.

३० जाने.
गाडी त्याच जागी. फळी घरात. मीही घरातच, पुस्तकं लावत.
ऊन कलल्यावर आबा मागच्या दाराशी. एकटेच. नजर फळीवर. एक जोडा काढला, दुसरा पायातच. आत येईनात, परतही जाईनात. भागाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, वाट मोकळी केली.
आठवडाभर घोकलेलं भाषण होतं. बोललो एवढंच,
"आबा, चौकट बुटकी आहे. वाकून आत या."