लाल दोऱ्याची शेवंती

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या पायांना दुरूनच नमस्कार. डावा गुडघा दुखतो असे ऐकतो, म्हणून तूर्त उजव्याला थोडा जास्त. इकडे सर्व ठीक, तिकडचे कळवावे. वहिनींची पाठ कशी आहे, रक्तदाब मोजायचे तुमचे यंत्र दुरुस्त होऊन आले का, की डॉक्टरांना खोटे पाडण्यासाठी तसेच वापरता, तुमच्या गॅलरीत ऊन सकाळचे येते की दुपारचे, तिथल्या कुंड्यांना पाणी कोण घालते आणि किती घालते, हे सविस्तर लिहावे. (शेवटचे प्रश्न अगदी सहज विचारले आहेत. प्रकृतीच्या चौकशीत कुंड्या याव्यात असे शास्त्रात कुठे म्हटलेले नाही, पण येऊ नयेत असेही म्हटलेले नाही.)

फोन करता आला असता हे मान्य. पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि वहिनींच्या हातात देता. शिवाय फोनवर कंस घालता येत नाहीत. संस्कृत शिकवण्यात आणि भाष्यांवरची भाष्ये वाचण्यात ज्याचे केस गेले त्याने कंसाशिवाय बोलायचे म्हणजे चष्म्याशिवाय दाढी करायची. रक्त निघते आणि अर्थ राहून जातो. तेव्हा पत्र.

विषय तुमच्या धाकट्या बहिणीचा आहे. ती फुलदाणीत ठेवायच्या शेवंतीची नवी वाणे तयार करते हे तुम्हाला ठाऊक आहे. या हंगामात तुम्ही आलात तेव्हा तिचे सगळे काम पाहून "एवढंच?" असे म्हणाला होतात, म्हणून पुन्हा एकदा सांगतो. एका शेवंतीच्या पाकळ्या कात्रीने छाटायच्या, म्हणजे आतले स्त्रीकेसर उघडे पडतात. दुसरीचे पराग बारीक कुंचल्याने त्यांवर फिरवायचे, वर कागदी टोपी चढवायची आणि देठाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आधी आईचे नाव, मग फुली, मग बापाचे. (आमच्या घरातही तोच क्रम आहे, फुलीसकट.) मग बी, आणि बियांची रोपे. ती सख्खी भावंडे असून एकासारखे दुसरे नाही. एक ताडमाड, एक खुजे, एक दिसायला सुरेख पण दुपार झाली की मान टाकणारे. ती फुलली की तुमची बहीण लाल दोऱ्याची गुंडी घेऊन वाफ्यांतून फिरते. ज्याच्या गळ्यात दोरा पडला ते नापास. ते मुळासकट उपटून पॉलिहाऊसच्या मागच्या खड्ड्यात टाकायचे, वर चुना, आणि आठवड्याअखेर कुऱ्हाडीने बारीक. कुणाला द्यायचे नाही, कुणी न्यायचे नाही. कारण शेवंतीचा बोटभर फुटवा मातीत खोचला तरी त्याचे झाड होते, आणि ज्याच्याकडे फुटवा गेला त्याच्याकडे वाणच गेले. हा नियम तिने तुम्हाला माझ्यासमोर समजावला होता आणि तुम्ही मान डोलावली होती.

तुम्ही आलात तो नेमका लाल दोऱ्याचा आठवडा. जन्मभर मुख्याध्यापकी करून शेकडो मुले ज्यांनी पापणी न लववता नापास केली, त्यांना एका रोपट्यासाठी विव्हळताना मी प्रथमच पाहिले. "अगं, एक संधी तरी दे त्याला," असे तुम्ही म्हणालात. तिने उत्तर दिले, "दादा, तुझ्या शाळेत नापास झालेला त्याच वर्गात बसतो. इथं खड्ड्यात बसतो." ते रोप म्हणजे ते मळकट फुलाचे. तिच्या मते त्याचा रंग ओल्या पुठ्ठ्याचा. मला विचाराल तर जुन्या पोथीच्या पानाचा, कडेला किंचित जांभळी झाक असलेला. पण आमच्या घरात रंगाबद्दल मला विचारत नाहीत. मी फक्त त्याचे एक फूल मागितले. तिने देठाचे पान न् पान खुडून, काडी करून माझ्या हातात दिले. (नवऱ्यावर विश्वास आहे, पण पानांच्या बेचक्यात फुटवे असतात.) ते मी टेबलावर, शब्दकोश आणि डिंकाची बाटली यांच्या मधोमध, एका पेल्यात ठेवले आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात. तुमची पिशवी गाडीपर्यंत मी उचलली. येताना ती हलकी होती, जाताना जड झाली होती. "पुस्तकं आहेत," असे तुम्ही म्हणालात. तळ ओला होता, माझ्या पांढऱ्या पायजम्यावर चिखलाचा ठिपका उमटला, आणि पुस्तकांना ओल लागू नये म्हणून माझा जीव अगदी कासावीस झाला. वर तुमचा टॉवेल नीट पसरलेला आणि त्याच्यावर दात घासायचा ब्रश आडवा ठेवलेला. पिशवीत सर्वांत वर ब्रश ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण मोठ्यांच्या पिशवीकडे पाहत राहू नये, म्हणून मी आकाशाकडे पाहिले.

असो. आता खरे संकट. पॉलिहाऊसचे मालक वाईट गृहस्थ नाहीत, पण सध्या त्यांना ढोबळी मिरचीने भुरळ घातली आहे. लाल, पिवळी, हिरवी. त्यांनी तुमच्या बहिणीला सांगून टाकले की या हंगामात एखादे वाण व्यापाऱ्याच्या पसंतीस उतरले तर ठीक, नाहीतर प्रयोगाची शेड मिरचीला. ते तिला "बाई" म्हणतात आणि तिच्या डोळ्यांत न बघता बोलतात, यावरून ते गंभीर आहेत हे समजावे.

तिची सारी भिस्त एका शुभ्र शेवंतीवर होती. आम्ही तिला घरात महाराणी म्हणत असू. कापलेले फूल वाफ्यातून फुलदाणीपर्यंत जाताना फार हाल सोसते, ते सोसवतात की नाही हे आधी तपासावे लागते. म्हणून फुले लांबट खोक्यात भरून थंड खोलीत ठेवतात आणि मग खडबडीत रस्त्यावरून भरपूर आदळतात. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी हादरे देणारे यंत्र असते. आमच्याकडे मी आहे. मागच्या सीटवर महाराणीला बसवून, एकही खड्डा न चुकवता, मी दुपारभर गाडी हाकली. त्याच चौकातून मी पुन्हा पुन्हा जातो हे पाहून वाहतूक पोलिसाने थांबवले आणि कुठे चाललात म्हणून विचारले. कुठे नाही, फुलांना फिरवून आणतो, असे मी खरे ते सांगितले. त्याने खोक्यात डोकावले, माझ्याकडे पाहिले आणि एकदम आवाज मऊ करून म्हणाला, "काका, घरी कुणी आहे का?" मी म्हणालो, "तिनंच पाठवलंय." त्याने मला रस्ता मोकळा करून दिला. बहुधा तोही संसारी असावा.

महाराणीने खड्डे सोसले. व्यापारी मात्र तिला सोसवला नाही. हा गृहस्थ मोठ्या हॉटेलांना आणि सभागृहांना फुले पुरवतो आणि चेहऱ्यावरून स्वतःला एकही फूल कधी आवडलेले नसावे असा दिसतो. त्याने महाराणीला देठाने उलटे धरले आणि टिचकी मारली. ही त्यांची परीक्षेची पद्धत. महाराणीने आपली अर्धी संपत्ती त्याच्या चकचकीत बुटांवर उधळली. "छान आहे," असे तो म्हणाला, पण ज्या आवाजात तुम्ही पालकांना "मुलगा हुशार आहे" म्हणत असा, त्या आवाजात. मग हात धुवायला म्हणून तो आमच्या घरात आला (घर शेडला लागूनच आहे), आणि माझ्या टेबलापाशी थबकला.

पेल्यातले पाणी केव्हाच आटले होते. फूल जसेच्या तसे. रंग उतरला नव्हता की एक पाकळी हलली नव्हती. त्याने ते उलटे केले, टिचकी मारली, पुन्हा मारली, मग जराशा रागानेच मारली. "हे कधी कापलंय?" मी सांगितले की आमचे मेव्हणे आले होते तेव्हा, महिना होत आला. "पाण्यात औषध काय घालता?" मी म्हणालो, पाणीच घालत नाही. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच माणूस दिसला. त्याने मालकांना तिथेच सांगितले की मला हे हवे, दुसरे काही नको, आणि पुढच्या महिन्यात येऊन जिवंत झाड पाहीन. मालकांना झालेला आनंद वर्णनापलीकडचा आहे. तुमची बहीण भिंतीला टेकून उभी होती.

कारण ते झाड खड्ड्यात गेले होते. आम्ही दोघांनी खड्डा उकरला, ती खुरप्याने आणि मी सल्ल्याने. चुना, भुसा आणि लाल दोऱ्यांचे तुकडे, याखेरीज काही नाही. माझ्या पेल्यातली काडी तिने मुळे फुटायची पूड लावून वाळूत रोवली. ती फुटली नाही. फुटणार कशी, पाने आपणच तर खुडली होती. त्या दिवसापासून ती ढोबळी मिरचीची माहितीपुस्तिका घरी आणून वाचते, म्हणजे उघडून समोर धरते. मधूनच फोन उचलते, आकडे दाबू लागते आणि खाली ठेवते. कुणाला गं, म्हणून विचारले तर "कुणाला नाही." उभ्या उमेदीची वर्षे जिने एका कुंचल्याच्या टोकावर घालवली ती बाई मिरचीच्या चित्राकडे पाहत बसलेली बघवत नाही, दादा. मी तिला हसवायचा प्रयत्न केला. "अहो, राहू द्या," असे म्हणाली. ती मला कधीच राहू देत नाही, यावरून काय ते ओळखावे.

तर असे चालले आहे. उत्तराची घाई नाही. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला,
पंडित
(हे नाव तुम्हीच ठेवलेत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा निर्णय अजून झालेला नाही.)

ता. क. वर "घाई नाही" असे लिहिले ते सभ्यपणापोटी. घाई आहे. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. मी पायजम्यावरच्या ठिपक्यावरून एका झाडाचे केले होते. पण अनुमानावर मोठ्यांना पत्र लिहू नये म्हणून थांबलो होतो. काल वहिनींचा फोन आला आणि प्रत्यक्ष प्रमाणच मिळाले. त्यांनी विचारले, "तुम्ही यांना भेट दिलेली ती शेवंती फार छान फुलली आहे, तिला खत कोणतं घालू?" पुढे म्हणाल्या, "गळ्यात लाल दोरा आहे बघा, शोभतो म्हणून ठेवलाय." दादा, पृथ्वीच्या पाठीवर ते एकच झाड उरले आहे आणि ते तुमच्या गॅलरीत आहे. खत घालू नका. पाणी बेताचे. दुपारच्या उन्हात ठेवू नका. तुम्हीही त्याच्याजवळ फार बसू नका.

ता. क. दुसरा. तुमची अडचण मी जाणतो. खडूचा तुकडा खिशात घालून घरी गेलेल्या मुलाला तुम्ही भर पावसात शाळेत परत पाठवलेत, ही गोष्ट तुमची बहीण शेडमध्ये नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. इथून पान न्यायचे नाही हा तिचा नियम त्याच खडूतून निघाला आहे. तो खडू मला मोडायचा नाही. म्हणून मी विचारपूर्वक असे आठवायचे ठरवले आहे की ते रोप खड्ड्यातून मीच काढले आणि तुमच्या नकळत पिशवीत घातले. वहिनींना तसे सांगितलेच आहे, तिला आज संध्याकाळी सांगेन. ती मला काय म्हणेल ते मला तोंडपाठ आहे. तुम्ही फक्त आश्चर्यचकित व्हायचे. ते जमत नसेल तर आरशासमोर सराव करावा. आणि झाड कुरिअरने न पाठवता स्वतः घेऊन यावे.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. मी हाताने कागद झाकला. ती म्हणाली, झाकू नका, मी चार दिवस फोन हातात घेऊन हेच कसं बोलावं ते शोधतेय, दादाला वाईट वाटेल म्हणून जीभ रेटत नव्हती. मग खुर्ची ओढून तिने सगळे पत्र वाचले, पोलिसाच्या ठिकाणी हसली (बऱ्याच दिवसांनी), आणि माझ्या थोर त्यागाकडे ढुंकूनही न बघता एवढेच लिहायला सांगितले:

"दादाला म्हणावं, या खेपेला पिशवीत वरून ब्रश ठेवू नकोस. शेंडा मोडतो."