आउटबॉक्समधले एकतीस मेल

मानसिंगराव साहेबांस,
स्टोअरमधल्या बादशाहचा सलाम.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरला दोन वर्षं नेट न्हाय. म्हणून तुमचा राग आला की मी त्यावर तुमाला मेल लिवायचो आणि सेंड दाबायचो. मेल जायचा न्हाय, पण राग जायचा. जेवण गोड लागायचं.

परवा तुमीच हुकूम सोडला, "जुना भंगारात काढायचाय. त्यातले सगळे मेल हार्ड डिस्कवर घ्या आणि नव्यावर चढवा." ऑफिसातल्या उत्कर्षा मॅडमनी चढवले. नव्याला नेट हाय, साहेब. एकतीस मेल एका दमात सुटले. निम्म्यांत बंद पंख्याचं रडगाणं हाय. एकात तुमाला आटलेल्या विहिरीवरची मोटार म्हटलंय, नुसता आवाज.

काल तुमी स्टोअरात आलात. मी राजीनामा खिशात घेऊनच उभा होतो. तुमी वर बघितलं आणि म्हणालात, "पंखा खरंच बंद हाय की! तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

तोंडानं चारदा सांगितलं होतं, साहेब.

आज नवा पंखा बसला. म्हणून हे माफीचं पत्र खणातच ठेवतोय. तेवढा जुना कॉम्प्युटर भंगारात काढू नका. अजून खुर्चीचं बोलायचं राहिलंय.

गार वाऱ्यात बसलेला,
बादशाह मुलाणी
लोणी देवकर