कवळीच्या पाण्यातला प्रयोग

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून मार्गाला न लागलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भावजींची बदली टळली की त्यांनी ती टाळली? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे बाबांचं ब्लडप्रेशर आणि तुझ्या भावजयीचा माझ्याशी अबोला, एवढं सोडून ठीक आहे. हे तोंडी सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून कागदावर.

मी काय काम करतो असं कुणी विचारलं की तू "प्लॅस्टिकमध्ये आहे" असं सांगतेस. (मी बादल्या विकत नाही, ताई.) आम्ही चकाकणारं पॉलिमर बनवतो. त्याचा पातळ थर दिलेली कागदाची पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली की हिरवीगार उजळते, आणि तिला अमली पदार्थ लागला की तो उजेड विझतो. थोडक्यात, उजेड राहिला तर माणूस सज्जन, अंधार झाला तर बॅग उघडायची. मध्यंतरी ही पट्टी बघायला सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आले होते. आमच्या साहेबांनी मोठ्या अदबीने त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यांनाच पट्टीला बोट लावायला सांगितलं, स्वच्छ माणसाच्या हाताने उजेड जराही हलत नाही हे दाखवायला. पट्टी विझली. साहेबांनी घाईघाईने दुसरी दिली, तीही विझली. मग ज्येष्ठ अधिकारी शिंकले, आणि उलगडा झाला. त्यांना सर्दी होती, सकाळपासून ते सर्दीच्या गोळ्यांचे बोटांनी तुकडे करून खात होते, आणि त्या गोळीतलं औषध रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्या अमली पदार्थाचं चुलत भावंड लागतं. आमच्या पट्टीला सख्खं-चुलत कळत नाही. चेहरेपट्टी जुळली की ती विझते. पाहुणे चहा न घेता गेले. साहेब अजून माझ्याकडे बघताना माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात.

मला मात्र त्यातून एक कल्पना सुचली. बाबांचं प्रेशर गेले काही महिने खाली यायचं नाव घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी एकदा वाढवली, आणि आता दुप्पट करू म्हणतात. तुझी भावजय रोज नाश्त्यानंतर समोर उभी राहून गोळी देते, बाबा ती तोंडात टाकतात, वर पाणी पितात. तरी माझ्या मनात पाल चुकचुकत होती. गोळी घेत नसतील आणि डोस वाढतच गेला, तर ज्या दिवशी खरोखर गिळतील त्या दिवशी हृदय मंदावून कुठेतरी कोसळतील. आता तू म्हणशील, सरळ विचारायचं. पण आपल्या घरात कुणी कुणाला सरळ विचारत नाही. (तुझं लग्न ठरल्याचं मला शिंप्याकडून कळलं होतं.) शिवाय बाबांची गोळीही त्या चुलत घराण्यातलीच निघाली. चुरा करून पट्टीला लावला, पट्टी विझली. हातात अशी पट्टी असताना तोंडाने विचारणं मला अशास्त्रीय वाटलं.

पट्टी लघवीत चालावी म्हणून तिचा थर पुन्हा जमवण्यात बरेच दिवस गेले. मग बाबांची तपासणीची बाटली पॅथॉलॉजीत पोचवायचं काम मी आपणहून मागून घेतलं (तुझ्या भावजयीला तेव्हाच संशय यायला हवा होता) आणि वाटेत प्रयोगशाळेत थांबलो. बाबांच्या नमुन्यात पट्टी लख्ख उजळून राहिली. तुलनेसाठी निर्दोष माणूस हवा म्हणून मी स्वतःचा नमुना घेतला, तर तिथे मिट्ट काळोख. त्या अधिकाऱ्यांसारखी सर्दी मलाही झाली होती आणि मी तसल्याच गोळ्या खात होतो, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. घरात कुणी व्यसनी असेल तर तो मीच, असा निष्कर्ष घेऊन परतलो. सर्दी गेल्यावर सगळं पुन्हा केलं. या वेळी दोघेही उजळलो. म्हणजे गोळी बाबांच्या पोटात जात नव्हती. पण तोंडात जाताना तर ती रोज दिसत होती.

नाश्ता झाला की बाबा न्हाणीघरात जातात, कवळी पाण्याच्या पेल्यात ठेवतात आणि फिरायला बाहेर पडतात. (रस्त्यात कुणी गप्पा मारू नयेत म्हणून दात घरी.) परवा ते गेल्यावर मी आत शिरलो, दिवा घालवला आणि जांभळा दिवा लावला. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात तेही या उजेडात चमकतं, त्यामुळे टॉवेल चमकत होते, माझा बनियन चमकत होता आणि पेल्यात बाबांची कवळीही मंद उजळली होती. पट्टी त्या पाण्यात बुडवली. विझली. गोळी वरच्या कवळीखाली लपत होती आणि तिथून बेसिनमध्ये जात होती. दातांपर्यंत औषधोपचार अगदी वेळेवर चालू होते. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो, आणि तेवढ्यात तुझ्या भावजयीने दार उघडलं. तिने काय पाहिलं ते लिहितो: अंधारात चमकणारा बनियन घातलेला नवरा, हातात सासऱ्यांचे दात, आणि हसतोय. तिने दार पुन्हा लावून घेतलं. अबोला तेव्हापासूनचा.

बाबा परत आले. पेला, पट्टी, दिवा, मी, असं सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं.

"हे शोधायला किती दिवस लागले तुला?" त्यांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"महिना झाला असेल."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मला राग आला, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. डोस वाढल्यावर एखाद्या दिवशी चुकून गिळली असती तर काय झालं असतं, हे त्यांना जरा आवाज चढवूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. गोळीने दुपारी डोळे मिटतात, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, निवृत्त माणसाने दुपारी झोपावं अशीच अपेक्षा असते. त्यावर त्यांनी कवळी बसवली आणि वर्तमानपत्र उघडलं. डॉक्टरीणबाईंना मी सगळं कळवलं आहे, गोळी दुप्पट होणार नाही. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : वरचं सगळं नाही वाचलंस तरी चालेल, काम पुढेच आहे. तुझ्या भावजयीने अबोला सोडून मला एकच गोष्ट सांगितली. तुझा फोन दुपारी येतो, पण कोणत्या दिवशी ते ठरलेलं नसतं. म्हणून बाबा रोजच दुपारी फोनजवळच्या खुर्चीत जागे बसतात. मी त्या वेळी कामावर असतो, मला याची कल्पनाच नव्हती. तेव्हा कृपा करून एक वार ठरव आणि त्यांना सांग.

ता. क. दुसरा, अक्षर माझं, म्हणजे बाबांचं : पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. मोठे, गोळी मी कालपासून रात्री घेतो आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या चालेल म्हणाल्या. तू वार मात्र ठरवू नकोस. ठरवलास तर बाकीचे दिवस फोन येणार नाही, हे मला सकाळीच माहीत असेल.