तोंडवली-एक

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. सुभद्राकाकीस, अनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. खरं तर फोनवर हे बोलण्याचं धैर्यही झालं नसतं.

आनंदाची बातमी आधी. माझ्या नऊ वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधाचा आधार आजवर तीन हजारांहून अधिक निबंधांत घेतला गेला. आमच्या क्षेत्रात माणसाची किंमत यावरच ठरते. एप्रिलमध्ये मोठा पुरस्कार मिळतो आहे.

त्या निबंधात मी माणसाच्या शरीरातल्या अशा पेशी दाखवल्या, की ज्या काचेच्या बशीत न मरता वाढतच राहतात. त्यांचं नाव ‘तोंडवली-एक’. एकतीस देशांतल्या प्रयोगशाळांनी त्या मागून नेल्या.

काकी, त्या गंगारामकाकांच्या आहेत. ते गेले त्या वर्षी मुंबईत त्यांची गाठ काढली, त्यातला तुकडा मी घेतला. तपासणीसाठी हवाय सांगून इंग्रजी कागदावर त्यांची सही घेतली. बाबा गेल्यावर ज्यांनी मला वाढवलं, त्यांना मी एवढंही नीट सांगितलं नाही. पुरस्कारवाले आता घरच्यांची संमती मागताहेत. कागद सोबत जोडला आहे.

रागाव, पण उत्तर लिही.

तुझी, अनुजा

तोंडवली, १७ फेब्रुवारी

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पुरस्काराचं वाचून देवाजवळ साखर ठेवली. मग उरलेलं पुन्हा वाचलं आणि चूल विझेपर्यंत तशीच बसून राहिले.

एक गोष्ट मी अजयलाही सांगितलेली नाही. पोटचा मुलगा, पण आईला वेड लागलं म्हणून घाबरेल. तुझे काका गेले त्या वर्षापासून दुपारी सुकत घातलेली मासळी परतायला गेले की मला त्यांचा खोकला ऐकू येतो. आधी एका बाजूने यायचा. आता माडातून, समुद्राकडून, विहिरीतून, सगळीकडून येतो. माझे कान गेले, देवळात गाऱ्हाणं घालताना ढोल वाजला तरी कळत नाही. खोकला मात्र कळतो. एवढी वर्षं मला वाटायचं, आपलंच श्राद्धात काही चुकतंय.

सहीचं मागाहून बघू. आधी मला ते दाखव. अजय मला शिमग्यानंतर घेऊन येईल.

जेवणखाण वेळेवर कर. तुझे हात फार बारीक झालेत असं सूनबाई स्वप्ना सांगत होती.

काकीचे आशीर्वाद

पुणे, ८ एप्रिल

ती. काकीस सा. नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं अजयने कळवलं. तू दिलेली कोकमाची सोलं डब्यात भरली.

तू आलीस तो दिवस मनातून जात नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तू किती वेळ बसलीस. मग त्यात काही पुटपुटलीस. मी दाराशी होते, शब्द कळले नाहीत.

दुसऱ्या सकाळी सगळ्या बशांतल्या पेशी काचेवरून सुटून पाण्यात तरंगत होत्या. मेलेल्या. जंतू शिरले असतील म्हणून सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग जपानहून पत्र आलं, स्वीडनहून आलं, ब्राझीलहून आलं. सगळीकडे तेच, आणि त्याच दिवशी. त्यांनी गोठवून ठेवलेल्याही पुन्हा जगल्या नाहीत.

पुरस्कार पुढे ढकलला आहे. माझं काम मुळात खोटंच होतं की काय, असं काहीजण उघड विचारू लागले आहेत. दहा-बारा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, काकी.

तू काय बोललीस, ते एकदा सांग.

तुझी, अनुजा

तोंडवली, १५ एप्रिल

चि. अनुजास आशीर्वाद.

मी एवढंच म्हटलं: “पुरे झाला आता. घराक चला.”

त्यांचं वाईट होईल किंवा तुझं होईल असं मनात नव्हतं गो. बशीतले ते ठिपके हलताना बघितले आणि तोंडातून निघून गेलं.

खोकला थांबला आहे. आता दुपारी ते पडवीत येऊन बसतात. मी पेज वाढते, ती तशीच राहते, पण वाफ त्यांच्याकडे झुकते. मला भीती वाटत नाही. फक्त त्यांचा डावा हात बर्फासारखा आहे. धरला तर माझा हात कोपरापर्यंत बधिर होतो आणि संध्याकाळपर्यंत नीट होत नाही. विचारलं, ह्यो हात खंय ऱ्हवलो? तर ते घाटाच्या, तुझ्या पुण्याच्या दिशेला बघत राहिले.

बाय, तू काही मागे ठेवलं आहेस का?

संमतीच्या कागदावर सही करून पाठवते आहे. तुझा निर्णय तुझा. मी अडवणार नाही, रुसणारही नाही.

तुझ्यावर जीव असलेली, काकी

पुणे, २३ एप्रिल

ती. काकीस सा. नमस्कार.

सहीचा कागद मिळाला. तो बघून रडले.

होय, ठेवलं आहे. पहिल्या दिवशीच्या अकरा कुप्या, द्रव नायट्रोजनच्या टाकीत, दुसऱ्याच नावाने. कोणालाच माहीत नाही. त्यातली एक परवा वितळवून पाहिली. पेशी जिवंत आहेत. या कुप्यांतून सगळं पुन्हा उभं राहील, पुरस्कार आणि नावही. नाहीतर मी कायमची खोटी ठरेन.

दोन दिवस मी त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

आज दुपारी उरलेल्या दहाही बाहेर काढल्या. वितळवलेल्या अकराव्या कुपीची बशीही सोबत घेते आहे. शनिवारी येते. काकांची होडी जिथे लागायची तिथे तू घेऊन चल, तिथल्या पाण्यात आपण दोघी त्यांना सोडू.

आणखी एक, तुलाच सांगते. कुप्या उचलताना त्या जाड हातमोज्याच्या आत माझी बोटं कोणीतरी धरली. कुणकेश्वरच्या जत्रेत हरवू नये म्हणून काका धरायचे, तशी घट्ट. मी सोडवून घेतली नाहीत.

लोभ होता, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझी, अनुजा