पांढऱ्या खांद्यांच्या स्ट्रॉबेऱ्या

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलंय. मनात तुझ्यासाठी दुसरे बरेच शब्द आहेत, पण ते कागदावर उतरवायची लाज वाटते. त्या रविवारी तू स्ट्रॉबेरीच्या मळ्यातून बायकोमुलांना गाडीत कोंबून तणतणत निघून गेलास, त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत बाबांना तुझा एक फोन नाही.

तुझं दुखणं मला पाठ आहे. लहानपणी रविवारी मळ्यात गेलो की बाबा तुझी टोपली सगळ्यांदेखत उलटी करायचे आणि देठाजवळ पांढरी राहिलेली प्रत्येक स्ट्रॉबेरी बाजूला काढायचे. तोडलेली स्ट्रॉबेरी नंतर पिकत नाही, एवढं साधं कळत नाही का, म्हणून चारचौघांत तुला झापायचे. मलाही झापायचे, पण मी ते सोडून द्यायचे आणि तू दिवसभर जेवायचा नाहीस. तेव्हा त्यांचं चुकायचं, हे मीही म्हणते. पण त्याचा वचपा तू चाळिशीचा घोडा झाल्यावर काढावास? त्यांची टोपली हातातून ओढून घेतलीस, वाफ्यात उपडी केलीस आणि पांढऱ्या, हिरवट स्ट्रॉबेऱ्या एकेक उचलून पोरांना दाखवल्यास. वर विचारलंस, डोळे आहेत की बटणं. पोरं हसली. माझ्या दोघी मुलीही हसल्या. बाबा खाली बसून चाचपडत त्या गोळा करत राहिले, काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, आणि तू म्हणालास, बघा, अजूनही माझ्याकडे तोंड करून बोलत नाहीत.

घरी येऊन मी रागारागात देठ खुडले, साखर घातली आणि पातेलं गॅसवर चढवलं. जॅम झाला की नाही हे बघायचं काम बाबांचं, तुला माहीतच आहे. फ्रीजमधली थंड बशी घेऊन ते दरवर्षीसारखे शेजारी उभे राहिले. मी थेंब टाकला. बोटाने सरकवला आणि सुरकुती पडली की झाला. या वेळी त्यांचं बोट थेंबाच्या शेजारी पडलं. दोनदा. मग मीच ते धरून थेंबावर नेलं. जॅम मात्र असा घट्ट झाला की चमचा उभा राहावा. थोडी कच्ची फळं असली की जॅम चांगला धरतो, हे तुझ्यासारख्या शहाण्याला कुठून माहीत असणार.

आता नीट ऐक. त्यांच्या डोळ्यांचं मला वर्षभर माहीत आहे. तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. तू कीव करशील याची त्यांना धास्ती. डॉक्टर म्हणतात, मधली नजर जात चाललीय, कडेकडेचं तेवढं राहील, आणि गेलेली परत यायची नाही. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना करडा डाग दिसतो. म्हणून ते मान वळवून बघतात. त्या दिवशी ते तुझ्यापासून तोंड फिरवत नव्हते, गाढवा, तुझा चेहरा शोधत होते. आणि मी शहाणी त्या शपथेला चिकटून गप्प उभी राहिले, तुला बोलू दिलं. त्याचा राग माझा माझ्यावर आहेच.

हे पत्र लिहायला मी आपणहून बसलेले नाही. बाबांनी बसवलंय. त्यांना आता ओळीत अक्षर काढता येत नाही, म्हणून ते समोरच्या खुर्चीवरून मला मजकूर सांगताहेत. तुझी माफी मागताहेत, लहानपणापासूनच्या एकेका रविवारची. मी ते सगळं लिहून घेतेय असं त्यांना वाटतंय. मी त्यातलं एक अक्षरही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. ती माफी तुला घरबसल्या टपालाने मिळायची नाही. इथे ये. आधी तू माग, मग त्यांची त्यांच्या तोंडून ऐक. आणि बसशील तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला बस, तिथून त्यांना तुझा चेहरा अजून दिसेल.

तुझीच, दुसऱ्या कोणाची असणार,
ताई