मूठभर ज्वारी

धारूर,
दि. ९ मार्च २०२५

तीर्थरूप वनमालाकाकूंना,

शिवशंकरचा साष्टांग नमस्कार. नावाआधी 'सौ.' लिहावं की 'श्रीमती', या विचारात दोन कागद फाडले. शेवटी काहीच लिहिलं नाही. राग मानू नका.

इकडं सगळे ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला काही झालेलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो, मुलगी संस्कृती पाचवीत आहे. तुमचा पत्ता तलवाड्याच्या एका मास्तरांकडून मिळवला. सव्वीस वर्षांत तो कधी विचारला नाही, हे लिहिताना लाज वाटते.

पत्राला कारण आहे. मी एक चित्रकादंबरी केली आहे, दीडशे पानांची. बाबा तिला कॉमिक म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. नायक आहेत युसूफ वडगावचे पंडितआप्पा. कुणाच्या घरात भानामती झाली की सायकलवरून यायचे आणि करणी कुणाची ते हुडकून काढायचे, तेच. पुस्तकात भुतं खरी आहेत. किल्ल्यावरून उलट्या पावलांची बाई उतरते, ती ज्या घरात शिरते तिथले कपडे आपोआप पेटतात, पत्र्यावर दगड पडतात. आप्पा तिचा माग काढत आपल्या दारात येतात.

शेवटच्या पानावर ते घरातल्या प्रत्येकाला मूठभर ज्वारी धरायला देतात, आपल्याला खरोखर दिली होती तशीच. ज्यानं केलं त्याची ज्वारी घामानं ओली होते. आप्पा उपरण्याखाली एकेकाची मूठ स्वतः चाचपायचे आणि नाव कधीच घ्यायचे नाहीत. "बाधा गेली," एवढंच म्हणायचे.

मी मात्र पुस्तकात सांगून टाकलं. शेवटच्या चौकटीत आप्पा एका बाईकडं रोखून बघतात. तिचा तळहात ओला आहे आणि डोळे त्या भुताचे आहेत. चेहरा तुमचा आहे, काकू. तुमच्या लग्नाच्या फोटोवरून काढला.

पुण्याच्या प्रकाशकांना तेच पान सगळ्यात आवडलं. पंधरा तारखेला पुस्तक छपाईला जायचं आहे.

गेल्या रविवारी दुपारी संस्कृती ते पान घेऊन बसली होती. म्हणाली, "पप्पा, आप्पा तर ह्या बाईकडं बघतच न्हाईत. तुमच्याकडं बघायलेत."

मी पाहिलं, तर खरंच. पान खिडकीशी नेलं, आडवं धरलं, तरी माझ्याकडंच. नव्यानं काढलं. चार वेळा काढलं. बुबुळं मी बाईकडं वळवतो, शाई वाळते, आणि आप्पा पुन्हा माझ्याकडं बघत असतात. दीडशे पानं भुतं काढताना कधी दचकलो नव्हतो. या वेळी पेन खाली ठेवलं.

तर आता लिहितोच. जत्रेतून तुम्ही मला भिंग आणून दिलं होतं. आधी त्यानं कागद जाळले, मग एका दुपारी दोरीवर वाळत घातलेली तुमची सुती साडी. आजी म्हणाली, "भानामती हाय ही," आणि तासाभरात अंगणात गाव गोळा झालं. अकरा वर्षांच्या मला ते फार आवडलं. पुढचे कपडे मीच पेटवले. दगडही मीच मारायचो, गोठ्यामागून.

हे तुम्हाला माहीत आहे. ज्वारी वाटली तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलो होतो आणि बाबा दारात बैलाचा चाबूक घेऊन उभे होते. तुम्ही पदराखालून माझी मूठ उघडलीत, माझी ओली ज्वारी घेतलीत, आणि तुमची कोरडी मला दिलीत. "गप बस. रडू नको, मी हाय," म्हणालात.

नंतर तुम्ही तळहात पदराला पुसलात, ते आजीनं पाहिलं. आप्पांनी नाव घेतलं नव्हतं, म्हणून गावानं घेतलं. मूल होत नाही म्हणून आधीच तुमच्यावर रोख होता. आठवड्याभरात तुम्हाला 'चार दिवसांसाठी' माहेरी पाठवलं. एसटी सुटताना तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी तोंड उघडलं नाही. पुढं बजरंगकाकांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या पंगतीत मी पोटभर जेवलो.

माझी मूठ चाचपतानाच आप्पांना सगळं कळलं होतं: ज्वारी कोरडी, तळहात ओला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी न्हाई सांगणार. तूच सांगशील." मी सांगेन याची वाट बघत ते वारलेही.

काल बाबांना सांगितलं. म्हणाले, "आधी तिला लिही, मग गावाला सांग. मी येतो संगं."

शेवटचं पान बदललं आहे. आता तिथं अकरा वर्षांचा पोरगा आहे आणि त्याची ओली मूठ. आप्पा त्याच्याकडं बघतात आणि शाई वाळल्यावरही तिथंच बघतात.

पदराखालचा तुझा हात तेवढा काढलेला नाही. इतका वेळ 'तुम्ही' लिहिलं, पण तेव्हा मी तुला 'तू'च म्हणायचो. तो हात मी एकदा न विचारता वापरला आहे. आता काढू का, एवढं कळव. नको म्हणालीस तर ती चौकट कोरी छापली जाईल.

तुझ्या कोरड्या ज्वारीवर सव्वीस वर्षं साळसूद म्हणून जगलेला,
शिवा